गृह्याग्नी विझला तर उपवास कुणाचा?



पत्रिकेवर आमच्या नावापुढे ‘गृह्याग्नी आणि कुटुंब’ असा विषय छापला आहे. तो वाचून काही मंडळींना वाटले असेल की आज यज्ञाची महती ऐकायला मिळणार. काहींना वाटले असेल, तत्त्वज्ञानाचे मास्तर आहेत, यज्ञाची टिंगल करतील. आम्ही यातले काहीच करणार नाही. आम्हाला एका वाक्याची परीक्षा करायची आहे. ते वाक्य लग्नाच्या मांडवात गुरुजी सांगतात, व्याख्यानमालांतून वक्ते सांगतात, आणि हल्ली मोबाइलवर रोज सकाळी कुणी ना कुणी धाडतो: ‘आपल्याकडे पत्नीवाचून यज्ञ होत नसे, म्हणजे स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचे स्थान होते.’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग सोळा आणे खरा आहे. अडचण आहे ती ‘म्हणजे’ या शब्दाची. आमचा सगळा जन्म तर्कशास्त्र शिकवण्यात गेला, त्यामुळे कुणी ‘म्हणजे’ म्हटले की आमचे कान टवकारतात. पहिल्या भागातून दुसरा निघतो का, एवढेच आज पाहू.

आधी ती वस्तू काय होती ते नीट समजून घेऊ, कारण पुष्कळ घोटाळा तिथेच होतो. वैदिक कर्मातले अग्नी दोन तऱ्हेचे. एक श्रौत. त्यात गार्हपत्य, आहवनीय आणि दक्षिणाग्नी असे तीन अग्नी, त्यांची वेगवेगळ्या आकारांची कुंडे, ऋत्विज, मोठा खटाटोप. असे अग्नी विधिपूर्वक घेणारा तो आहिताग्नी. पुण्याचे शंकर रामचंद्र राजवाडे (१८७९–१९५२) यांच्या नावामागे ही उपाधी कायमची बसली, ती त्यांनी हे व्रत घेतले म्हणून. नीत्शेवर मराठीत ग्रंथ लिहिणारा माणूस घरी श्रौत अग्नी सांभाळतो, हे पुण्यातच व्हायचे. असो. दुसरा अग्नी तो गृह्य. त्याला औपासन म्हणतात, आवसथ्य म्हणतात, स्मार्त अग्नी म्हणतात. हा एकच असतो. लग्नात ज्या अग्नीत लाजाहोम होतो, ज्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतात, तोच अग्नी पात्रात घालून वरातीबरोबर घरी न्यायचा. मग रोज सकाळ-संध्याकाळ त्यात तांदळाची किंवा जवाची आहुती द्यायची, आणि दोघांपैकी एक जाईपर्यंत तो विझू द्यायचा नाही. आज आपण लग्नातला अग्नी हॉलवाल्याच्या माणसाकडे सोपवून जेवायला जातो. बारा वाजता तो कुंड उचलतो, कारण साडेबाराला दुसरे लग्न असते.

हा अग्नी कधी घ्यायचा? पारस्कर गृह्यसूत्र दोन वेळा सांगते. एक लग्नाच्या वेळी. दुसरी, काही आचार्यांच्या मते, वडिलोपार्जित मालमत्तेची वाटणी होते तेव्हा. ही दुसरी वेळ फार बोलकी आहे. भाऊ एकत्र आहेत तोवर त्यांचा अग्नी एक. वाटणी झाली की ज्याचा त्याचा अग्नी वेगळा. आता तुम्ही म्हणाल, गृह्यसूत्रे कुणी वाचली आहेत? वाचायची गरज नाही. आपण मराठीत अजून म्हणतो, ‘त्यांची चूल वेगळी झाली.’ शेतीचे खाते वेगळे झाले, घर वेगळे झाले, असे म्हणत नाही. चूल. आणि ज्यांचे फाटले आहे त्यांच्याबद्दल म्हणतो, ‘त्यांच्यात विस्तव जात नाही.’ आगपेटी घरोघर नव्हती तेव्हा शेजारणीकडून खापरीवर निखारा मागून आणायचा, गोवरीवर ठेवून न्यायचा. ती देवघेव ज्या दोन घरांत थांबली त्यांच्यात काहीच उरले नाही. कुणी गेले की त्या घरात चूल पेटत नाही, पिठलं-भात शेजारून येतो. फ्युस्तेल द कुलांज नावाच्या फ्रेंच इतिहासकाराने १८६४ साली ग्रीक, रोमन आणि भारतीय कुटुंबांविषयी लिहिताना घरचा अग्नी हाच कुटुंबाचा आणि मालमत्तेचा पाया ठरवला. त्याने ते जरा ताणलेच. पण अग्नी, वारसा आणि भाकरी यांची गाठ त्याला दिसली होती, आणि ती गाठ आमच्या भाषेत आजही आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. समंत्रक गृह्याग्नी हा त्रैवर्णिकांचा मामला. शास्त्राने शूद्राला मंत्र नाकारला, अतिशूद्राचा तर विचारच केला नाही. तेव्हा ‘हिंदू घरातला अग्नी’ असे सरसकट बोलणे खरे नाही. बहुसंख्य मराठी घरांत अग्नी म्हणजे चूल, आणि चूलच. ब्राह्मणांच्या घरांतूनही औपासन पुष्कळ आधी गेले, मागे राहिला तो वैश्वदेव. आमचे म्हणणे पुढे याच चुलीशी येऊन थांबणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

आता मूळ वाक्याकडे वळू. पत्नीवाचून यज्ञ नाही, हे खरे. यावर सर्वांत कसून वाद कुणी घातला असेल तर मीमांसकांनी. जैमिनीच्या सहाव्या अध्यायाचा पहिला पाद उघडा. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने मीमांसाकोशाचे खंड काढून आपल्या लोकांची मोठीच सोय करून ठेवली आहे, पण मूळ पाद वाचायला फार वेळ लागत नाही. प्रश्न असा: यज्ञाचा अधिकार कुणाला? ऐतिशायन नावाचे आचार्य म्हणतात, विधिवाक्यात शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून फक्त पुरुषाला. बादरायण म्हणतात, तसे नाही. लिंग तिथे विवक्षित नाही, स्वर्गाची इच्छा असणारा कुणीही, आणि ती इच्छा स्त्रीलाही असतेच. मग दुसरा आक्षेप येतो. यज्ञाला द्रव्य लागते. स्त्रीला द्रव्य कुठले? ती स्वतःच लग्नात विकत घेतलेली, तिने मिळवलेले नवऱ्याचे. सिद्धान्ती उत्तर देतो की लग्नातली गायींची जोडी ही किंमत नव्हे, तो धर्माचार आहे. स्त्रीला द्रव्य असते, घरातल्या चीजवस्तूंवर तिचा हक्क असतो. दंपतीचे धन सामाईक, एकाने दुसऱ्याला वगळून ते खर्च करता येत नाही, म्हणून यज्ञही दोघांनी मिळूनच करायचा.

इथवर वाचले की बरे वाटते. दोन हजार वर्षांपूर्वीचे लोक स्त्रीच्या मालकीबद्दल इतक्या बारकाईने भांडत होते! बहुतेक व्याख्याते इथे पुस्तक मिटतात. पण त्याच पादात थोडे पुढे जा. पत्नीने यज्ञात काय काय करायचे? जेवढे नाव घेऊन सांगितले आहे तेवढेच. आशीर्वचन, ब्रह्मचर्यपालन, अशा गोष्टी. बाकी सर्व यजमानाने. का? तर ती त्याच्या तोलाची नाही. शबर भाष्यात कारण देतो: यजमान विद्वान आहे, पत्नीला विद्या नाही.

आता बघा हं काय झाले. तिला वेद शिकवायचा नाही असे आधी ठरवले. शिकवला नाही म्हणून ती अविदुषी राहिली. अविदुषी म्हणून तिला मंत्र नाही. आमच्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असा युक्तिवाद लिहिला असता तर आम्ही समासात ‘चक्रक’ असे लिहून गुण कापले असते. शबर थोर भाष्यकार आहेत, पण गुण कापलेच असते.

तेव्हा मीमांसकांच्याच हिशेबाने दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. पत्नी यज्ञाला आवश्यक आहे ही एक. यज्ञातल्या क्रियेवर पत्नीचा अधिकार आहे ही दुसरी. पहिली त्यांनी पूर्ण मान्य केली, दुसरी मोजूनमापून दिली. आमटीत मीठ आवश्यक असते, म्हणून कुणी मिठाला स्वयंपाकघराचे मालक म्हणत नाही. उदाहरण कठोर वाटेल, पण शास्त्रच याहून कठोर उदाहरण पुरवते. उत्तरकांडात रामाच्या अश्वमेधाची कथा आहे. सीता वनात. पत्नीशिवाय यज्ञ नाही. मग काय केले? सोन्याची सीता करून बसवली. रामाने दुसरे लग्न केले नाही म्हणून आपण या कथेचे कौतुक करतो, आणि ते कौतुक योग्यच आहे. पण कर्माच्या बाजूने पाहा. जागा भरली, यज्ञ पार पडला. जिच्या जागी मूर्ती बसवता येते तिची उपस्थिती आवश्यक होती, पण तिचे बोलणे आवश्यक नव्हते. ऐतरेय ब्राह्मण तर आणखी पुढे जाते. ज्याला पत्नी नाही त्याने अग्निहोत्र करावे की नाही, हा प्रश्न तिथे आहे. उत्तर: करावे, त्याची श्रद्धा हीच त्याची पत्नी. कल्पना सुंदर आहे. पण विधवेसाठी असा कुणी काव्यमय तोडगा काढला नाही, हेही त्याच वेळी लक्षात यावे.

या ठिकाणी आमच्या काही सुधारक मित्रांची टाळी पडते. ती आम्हाला थांबवावी लागते, कारण गृह्यसूत्रे उघडली की चित्र वेगळे दिसू लागते. आश्वलायन सांगतो की पाणिग्रहणापासून गृह्याग्नीची सेवा करावी. कुणी? स्वतः, नाहीतर पत्नीने, नाहीतर मुलाने, मुलीने किंवा शिष्याने. मुलीने! कुमारिकेचे नाव यादीत स्पष्ट आहे. गोभिल आणखी मोकळा आहे. तो म्हणतो, इच्छा असेल तर गृह्याग्नीवरचे सकाळ-संध्याकाळचे होम पत्नीने करावेत. त्याने दिलेले कारण आम्हाला साऱ्या सूत्रवाङ्मयातले अतिशय साधे आणि नेमके कारण वाटते: घर म्हणतात ते पत्नीलाच, आणि हा अग्नी तर घरचा आहे. विद्येची अट नाही, तोलाची भाषा नाही. अग्नी घरचा, ती घरची, तिने आहुती द्यावी. विषय संपला.

म्हणजे परंपरेत दोन सूर होते. एक मीमांसेचा, तिला शेजारी बसवून गप्प करणारा. दुसरा गोभिलाचा, पळी तिच्या हातात देणारा. पुढे जिंकला कोण हे सांगायला नको. मनुस्मृती अकराव्या अध्यायात अग्निहोत्राच्या होत्याविषयी बोलताना कन्या, तरुण स्त्री, अल्पविद्य आणि मूर्ख यांना एका ओळीत बसवून वगळते. हे श्रौत अग्निहोत्राबद्दल आहे, गोभिल बोलतो तो गृह्याबद्दल, हा भेद आम्ही विसरलेलो नाही. पण समाजाच्या मनात राहिले ते मनूचे, गोभिल राहिला पोथीत.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो. त्याच आश्वलायनाच्या त्याच कंडिकेत पुढे एक वाक्य आहे. अग्नी विझला तर काहींच्या मते पत्नीने उपवास करावा. गंमत बघा. सेवा करणाऱ्यांच्या यादीत पाच जण होते. विझल्यावर उपाशी राहणारी एक. मुलगा विसरला असेल, शिष्य झोपला असेल, स्वतः यजमान गावाला गेला असेल, उपवास तिला. सूत्रकार ‘काहींच्या मते’ म्हणतो, सर्वांच्या नव्हे, हे त्याचे प्रामाणिकपण. पण हे ‘काही’ कोण होते ते आम्हाला चांगले ठाऊक आहे, ते अजून आपल्या घरांत आहेत. दूध उतू गेले, पाहुण्यांपुढे भात कच्चा आला, मुलाला कमी मार्क पडले, तर कुणाकडे पाहायचे हे घरातल्या प्रत्येकाला न सांगता कळते. अधिकार वाटताना पहिला क्रमांक त्याचा, उणीव मोजताना पहिला क्रमांक तिचा. गृह्याग्नीविषयी एकच वाक्य लक्षात ठेवायचे तर आम्ही हे ठेवू.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला एक प्रसिद्ध श्लोक आपण सर्वांनी ऐकलेला आहे. त्याचा आशय असा: स्त्रियांना विवाह हाच उपनयनासारखा संस्कार, पतिसेवा हाच गुरुकुलवास, आणि घरकाम हीच अग्निसेवा. या श्लोकाचे दोन अर्थ लावतात. भाविक म्हणतात, पाहा, बाईच्या घरकामाला यज्ञाचा दर्जा दिला. चिडलेले म्हणतात, पाहा, बाईला वेदातून हाकलून चुलीपुढे बसवले. आम्हाला वाटते, श्लोकाची खरी करामत रूपकात आहे. रूपकात एक वस्तू दुसरीसारखी आहे असे म्हणतात, आणि असे म्हणताना ती दुसरी वस्तू द्यायचे राहून जाते. ‘तुझे घरकाम हाच यज्ञ’ असे ज्याला म्हटले त्याला यज्ञाची दक्षिणा मिळाली का, मंत्र मिळाला का, यजमान हे नाव मिळाले का? तिसऱ्या अध्यायात मनू सांगतो की संध्याकाळी शिजलेल्या अन्नाचा बली पत्नीने द्यावा, पण मंत्रावाचून. हात तिचा चालतो, वाणी चालत नाही.

त्याच अध्यायात पाच ‘सूना’ सांगितल्या आहेत, म्हणजे घरातली हिंसेची पाच ठिकाणे: चूल, पाटा किंवा जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या ठिकाणी नकळत जीव मरतात, म्हणून गृहस्थाने त्या पापाच्या निवृत्तीसाठी रोज पाच महायज्ञ करावेत, त्यातला एक वैश्वदेव. कल्पना उदात्त आहे यात शंका नाही. भाकरी खाण्याआधी ती कुणाच्या जिवावर झाली याची आठवण ठेवणारी संस्कृती लहान नव्हे. पण ही पाच ठिकाणे पुन्हा एकदा वाचा. चूल कोण फुंकतो? जाते कोण ओढतो? केर कोण काढतो? पाचही जागा तिच्या राबण्याच्या. काम तिचे, त्यातले पाप घराचे, आणि ते फेडण्याचा मान त्याचा.

आमच्या आजोळी कोकणात आजोबा दुपारच्या जेवणाआधी वैश्वदेव करीत. सोवळे नेसून पाटावर बसत, पुढे तांब्याचे लहानसे कुंड. बसल्या जागेवरून म्हणत, ‘अहो, विस्तव आणा.’ आजी चुलीतला एक चांगला फुललेला निखारा निवडून चिमट्याने आणून कुंडात ठेवी. मग आजोबा तूप लावलेल्या भाताच्या आहुत्या देत. तो भातही आजीने त्याच चुलीवर रांधलेला. पहाटे राखेखाली झाकलेला कालचा निखारा उकरून चूल पेटवणारी तीच, डोळे लाल होईपर्यंत फुंकणी फुंकणारी तीच. म्हणजे गृह्याग्नी रात्रंदिवस सांभाळण्याचे आश्वलायनाचे व्रत त्या घरात अक्षरशः कुणी पाळत असेल तर आजी पाळत होती. तिच्या अग्नीला नाव नव्हते. आजोबांच्या कुंडात पाच मिनिटे आल्यावर त्याला नाव मिळे. आजोबा फार सज्जन होते, हेही सांगतो. त्यांच्या स्वभावाविषयी इथे आमची काहीच तक्रार नाही.

मरणाच्या वेळचा नियम तर जास्तच बोलका आहे. पत्नी आधी गेली तर तिला गृहस्थाच्या त्याच अग्नीने दहन करावे, आणि मग त्याने पुन्हा लग्न करून पुन्हा अग्नी स्थापावेत, असे मनू सांगतो. याज्ञवल्क्य म्हणतो, उशीर न लावता. पती आधी गेला तर त्याचेही दहन त्या अग्नीने. पण मागे राहिलेल्या तिला पुन्हा लग्न नाही, पुन्हा अग्नी नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे सारे नियम शांतपणे नोंदवून ठेवले आहेत. त्यांची शांतता आम्हाला साधत नाही. विधुराला दुसरी बायको हवी ती केवळ हौस म्हणून नव्हे, अग्नीसाठी हवी, असे सांगण्याची सोय या नियमात होती. देवलांचे ‘शारदा’ नाटक १८९९चे. त्यातल्या म्हाताऱ्या भुजंगनाथाला नवरी शोधून देणाऱ्यांची कमतरता पडत नाही. प्रेक्षक त्याला हसले. पण दारसंग्रहाला उशीर नको म्हणणारे शास्त्र त्याच्या बाजूला उभे होते, त्याला कुणी हसले नाही.

कुणी म्हणेल, सर, हे सगळे जुने झाले, आज कुणाकडे गृह्याग्नी आहे? घरात नाही, पण कायद्यात आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचे सातवे कलम काढा. वर किंवा वधू यांपैकी कुणाच्याही रूढीप्रमाणे विधी झाले तर विवाह होतो. त्या विधींत सप्तपदी असेल, म्हणजे अग्नीसमोर दोघांनी मिळून टाकलेली सात पावले, तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. कागदावर हे छान दिसते. आता १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला महाराष्ट्रातलाच एक खटला घ्या. पहिली पत्नी हयात असताना एका गृहस्थाने दुसरे लग्न केले. खालच्या न्यायालयात तो द्विभार्येच्या गुन्ह्यात दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आला: दुसरे लग्न विधिवत झाले होते का? हार घातले होते, काही विधी झाले होते, पण अग्नीसमोर होम नव्हता आणि सप्तपदीही नव्हती. त्यांच्या समाजात या दोन्हींशिवाय लग्न होते अशी रूढीही फिर्यादी पक्षाला सिद्ध करता आली नाही. मग दुसरे लग्न हे कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हे, म्हणून गुन्हाही नाही. शिक्षा रद्द.

न्यायालयाने कलमाचा अर्थ चुकीचा लावला असे आम्ही म्हणत नाही. फौजदारी गुन्ह्याला काटेकोर पुरावा लागतो. पण परिणाम पाहा. अग्नी हा लग्नाचा साक्षीदार, असे आपण अभिमानाने म्हणतो. इथे साक्षीदाराला बोलावलेच नाही, आणि त्याच्या गैरहजेरीचा फायदा ज्याने बोलावले नाही त्यालाच मिळाला. पहिल्या पत्नीची तक्रार वाया गेली. दुसरीचे काय, ती तर पत्नीही ठरली नाही. त्या घरात अग्नी पेटला नाही, आणि आश्वलायनाच्या त्या ‘काहीं’प्रमाणे उपवास बायकांनाच घडला. कलम ४९४ गेले, भारतीय न्याय संहितेत ८२ आले. अडचण आहे तिथेच आहे.

आणखी एक विषय आहे, त्यावर थोडक्यातच बोलतो. हल्ली तांब्याच्या लहान पात्रात गोवऱ्या, तूप आणि अक्षता घेऊन सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला अग्निहोत्र करतात. त्याने हवा शुद्ध होते, प्राणवायू वाढतो वगैरे सांगतात. जळणारी कोणतीही गोष्ट प्राणवायू वापरते, हे सातवीच्या पुस्तकात आहे, तेव्हा त्यात आम्ही शिरत नाही. आम्हाला त्या लोकांची खरी कामगिरी दुसरीच वाटते, आणि ती तेच सांगत नाहीत. त्यांनी जात विचारली नाही, लिंग विचारले नाही, नवरा-बायकोची जोडी मागितली नाही. एकटी विधवा गॅलरीत बसून आहुती देते आणि मंत्रही स्वतः म्हणते. शबरस्वामींना हे चालले नसते. गोभिलाला चालले असते. इतकी मोठी गोष्ट करून वर प्राणवायूच्या गप्पा कशाला?

आणि धुराचे बोलायचे तर खऱ्या चुलीच्या धुराचे बोला ना. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२० या एका वर्षात घरातल्या इंधनाच्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसे मेली. धूर सर्वांत जास्त कुणाच्या छातीत जातो ते आम्ही सांगायला नको. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर पुष्कळ घरांत पोचले. पण भरलेले सिलिंडर संपल्यावर पुन्हा भरायला पैसे लागतात, आणि मग कोपऱ्यातली चूल पुन्हा पेटते. कुंडातला धूर पवित्र आणि चुलीतला धूर नशीब, हा भेद कुठल्या शास्त्रात बसतो?

एक चिठ्ठी आली आहे. बाईंनी विचारले आहे, ‘मुलीचे लग्न ठरले आहे. तुमचे ऐकून होम ठेवावा की काढून टाकावा ते कळेना.’

बाई, हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करणार असाल, आणि तुमच्याकडे होम-सप्तपदीचीच रीत असेल, तर तो काढू नका. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले आहे की विधी न करता नुसते नोंदणीचे प्रमाणपत्र घेतल्याने या कायद्याखाली लग्न होत नाही. फोटो काढून ठेवा, सात पावलांचे नक्की काढा. अग्नीच नको असेल तर १९५४चा विशेष विवाह कायदा आहे, तिथे अग्नीचा संबंध नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ सालीच सत्यशोधक पद्धतीने, भटजीशिवाय लग्ने लावायला सुरुवात केली. तीत वधू नवऱ्याकडे स्त्रियांचे हक्क मागते, तोही रस्ता आहे.

आणि होम ठेवणार असाल तर आमची एक सूचना. लाजाहोमात वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि आहुती तिच्या ओंजळीतून पडते. पूर्ण लग्नात हे एक कर्म असे आहे की हात तिचाच लागतो. बहुतेक मांडवांत त्या वेळी मंत्र गुरुजी म्हणतात आणि मुलगी फोटोग्राफरकडे पाहत असते. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवले, तिथल्या पोथीत मंत्रांचा मराठी अर्थही सांगतात, तशा एखाद्या बाई मिळाल्या तर पाहा. नाही मिळाल्या तर तुमच्या नेहमीच्या गुरुजींना आधी गाठा आणि विचारा, त्या तीन आहुत्यांचे मंत्र मुलीला शिकवाल का. मंत्र लहान आहेत. आठ दिवसांत पाठ होतात.